ओळखीचे दोन गुण

सरांच्या शोकसभेत सहा जण बोलले आणि सहाही जणांनी त्यांना मृदू म्हटलं. अध्यक्ष तर 'लोण्याहून मऊ' इथपर्यंत गेले. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होतो. माणूस गेला की बोलणाऱ्यांना तो कसा होता यापेक्षा आपण बोलताना कसे दिसतो याची काळजी जास्त असते, हे मला मान्य आहे. पण सहातल्या एकाने तरी खरं बोलायला हवं होतं. सर मृदू नव्हते. ते वजन-मापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते आणि निवृत्त झाल्यावरही त्यांनी ते काम सोडलं नव्हतं. फक्त काटा बदलला होता.

नोकरीत असताना ते मालाडच्या बाजारात दुकानदारांचे काटे तपासत. किलोचं वजन खालून कोरलंय का, पारड्याच्या बुडाला मेणाचा गोळा चिकटवलाय का, हे बघण्यात त्यांची तीस वर्षं गेली. दुकानदार चहा मागवत, हे घेत नसत. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. दिवसभर हे करून संध्याकाळी बोरिवलीला येत आणि आमचं वृंदगान बसवत. वृंदगान म्हणजे आम्ही चाळीसेक माणसं: बँकांतून निवृत्त झालेले पुरुष, मुलं परदेशी गेलेल्या बायका, एक डेंटिस्ट आणि मी. दर शनिवारी एका शाळेत, बालवर्गाच्या बुटक्या बाकांवर बसून आम्ही गायचो. गुडघे हनुवटीशी आलेले असताना माणसाला फार उदात्त गाता येत नाही, पण आमचा प्रयत्न असायचा.

मला मंडळात घेतलं ते गळ्यासाठी नाही. पहिल्या दिवशी सरांनी मला सा लावायला सांगितला, ऐकला आणि विचारलं, "तुझं अक्षर कसं आहे?" तेव्हापासून मी मंडळाचा चिटणीस. गाताना मागच्या ओळीत उभा राहायचो आणि अवघड जागी नुसते ओठ हलवायचो. सरांना ते माहीत होतं. "तू गप्प असतोस तेव्हा सुरात असतोस," असं त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं. लोक हसले. सर हसले नाहीत, कारण त्यांनी विनोद केलाच नव्हता. एक नोंद केली होती.

जगातल्या बहुतेक वस्तू कोणत्या सुरात बोलतात हे त्यांना ठाऊक असे. त्यांच्या इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबताना कोमल धैवतात कण्हते, हे त्यांनी सोसायटीच्या सभेत मांडलं होतं आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं होतं. शेजाऱ्यांच्या दारावरची बेल उतरलेली वाटली म्हणून सेल बदला असं सांगायला गेले, तर शेजाऱ्यांना वाटलं गणपतीची वर्गणी मागायला आलेत. दारच उघडलं नाही. कार्यक्रमात टाळ्या सुरू झाल्या की ते हॉलबाहेर जाऊन उभे राहत. चाळीस जणांनी दोन महिने खपून जमवलेलं दोनशे माणसं अर्ध्या मिनिटात मोडतात, असं त्यांचं म्हणणं. 'वा' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नाही. फारच चांगलं झालं तर "पुढे" म्हणत. त्या एका "पुढे"साठी पासष्ट वर्षांची माणसं आठवडाभर घरी घोकंपट्टी करत. एका निवृत्त ब्रँच मॅनेजरच्या डोळ्यांत मी त्या शब्दाने पाणी आलेलं पाहिलं आहे. त्यांना बढतीच्या वेळीही आलं नसावं.

मंडळाचा व्हॉट्सॅप ग्रुप झाल्यावर सरांनी रोज सकाळी त्यावर व्हॉइस नोट पाठवायला सुरुवात केली. ग्रुपवर बाकीचे फुलं आणि सुविचार टाकत. सरांची ती वीस-पंचवीस सेकंदं वेगळी असत. आधी खाकरणं, मग त्या आठवड्याच्या गाण्यातली एखादी जागा, मग "झालं" एवढा एकच शब्द. गाताना त्यांची एक सवय होती. वरच्या निषादावरून खाली पंचमाकडे येताना ते मध्येच थबकत. क्षणभरच, पण थबकत. अंधारात जिना उतरणारा माणूस शेवटची पायरी आली की नाही ते पावलाने चाचपतो, तसं. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण ते थांबणं आलं की माझाही श्वास थांबायचा. आमच्यापैकी कुणालाच ते जमलं नाही. जो तो थांबायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की पुढचं विसरला.

मंडळातर्फे दर वर्षी तरुण शास्त्रीय गायकांची स्पर्धा होत असे. ती कल्पना सरांची, आणि त्या स्पर्धेवर अध्यक्षांचा फोटो. व्यासपीठामागच्या फलकावर सरस्वती डाव्या कोपऱ्यात बसलेली असे आणि उरलेल्या जागेत अध्यक्ष. समईची वात कुठल्याच वर्षी पहिल्या काडीला पेटत नसे. प्रमुख पाहुणे चार काड्या ओढत, पाचवी आमचा तबलजी ओढे आणि छायाचित्रकार सगळ्यांना पुन्हा हात लावायला सांगे. मग 'सुरांच्या गंगे'चं भाषण. हे सगळं संपेपर्यंत सर जिन्यात उभे असत, आणि मग आत येऊन खिडक्या लावून घेत. तिथून पुढे मात्र तो हॉल त्यांचा.

बक्षीस म्हणून चषक नव्हता. कोल्हापूरला एक वृद्ध गायिका होत्या. त्या जाहीर गात नसत, कुणाला भेटत नसत. आमच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलाला किंवा मुलीला मात्र त्या सरांच्या पत्रावर ठेवून घेत. दोन वर्षं त्यांच्या घरी राहायचं आणि शिकायचं. वर्षाला एकच, दुसऱ्याला पाठवाल तर दोघांना परत पाठवीन, असं त्यांनी बजावलं होतं. त्या घरात राहून आलेली मुलं पुढे खरोखर गाऊ लागत. त्यामुळे विरार-डहाणूपासून मुलं येत आणि येताना आईबापांचे चेहरे बोर्डाच्या परीक्षेसारखे असत. वयाची अट बावीस. बावीसनंतर कोल्हापूर बंद.

एवढं मोठं बक्षीस म्हटल्यावर ओळखीपाळखी आल्याच. म्हणून सरांनी पडदा आणला. पडदा म्हणजे त्यांच्या घरातल्या दोन फुलाफुलांच्या चादरी, दोरीवर घातलेल्या. अलीकडे सर धरून तीन परीक्षक, पलीकडे गाणारा. गाणाऱ्याला नाव नाही, फक्त क्रमांक. त्याने अनवाणी यायचं, बांगड्या-पैंजण काढून यायचं, स्टेजवर एक शब्द बोलायचा नाही. साथीदारांनी खाणाखुणांवर काम भागवायचं. एका वर्षी आमच्या भागातल्या नगरसेवकाने चिठ्ठी पाठवली की आमची भाची सात नंबरला आहे, लक्ष असू द्या. सरांनी चिठ्ठी वाचली, सगळे क्रमांक गोळा केले, नव्याने वाटले आणि जाहीर केलं की या स्पर्धेत यापुढे सात हा क्रमांक नाही. तेव्हापासून आमच्याकडे सहानंतर आठ येतात. नव्या मुलांना वाटतं सात अशुभ असावा. अध्यक्ष तर भाषणात त्याचं काहीतरी सप्तसुरांशी नातंही जोडतात.

गुणपत्रिकेत सरांनी एक रकाना घातला होता, तो मी दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत पाहिलेला नाही. रकान्याचं नाव 'ओळख'. पडद्याआडूनही परीक्षकाला आवाज ओळखीचा वाटला तर त्याने तिथे 'होय' लिहायचं आणि त्या गाणाऱ्याचे दोन गुण कापायचे. बाहेरून आलेले परीक्षक हा रकाना वाचून एकमेकांकडे बघत आणि कोरा सोडत. मी एकदा सरांना विचारलं, की मुलांनी काय गुन्हा केला? ते म्हणाले, "ओळखीचा माणूस पारड्यात बसला की काटा आधीच खाली गेलेला असतो. मी तो जागेवर आणतो." मी म्हटलं, आणि आणताना जास्त वर गेला तर? ते म्हणाले, "निरीक्षक मी होतो. तू विमा कंपनीत होतास."

सरांची वैयक्तिक शिष्या एकच, आमच्या डेंटिस्टची मुलगी. नऊ वर्षं शिकत होती. तिने स्पर्धेत उतरावं का यावर मंडळात कुजबुज झाली तेव्हा सर म्हणाले, मग मी शिकवायचं कुणाला, न गाणाऱ्यांना? ती उतरली. पहिल्या वर्षी सरांनी तो थबकण्याचा क्षण ऐकला, 'होय' लिहिलं, दोन कापले; ती दुसरी आली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, तिसरी. डेंटिस्ट त्यानंतर सहा महिने सरांशी बोलले नाहीत. सरांचा एक दात तेव्हा दुखत होता. तो त्यांनी तसाच दुखू दिला.

तिसऱ्या वर्षी अकरा नंबरला एक नवी मुलगी होती. तिच्याबद्दल मला तेव्हा एवढंच ठाऊक होतं की ती आमच्या मंडळात गाणाऱ्या एका बाईंची भाची. दोघी बोरिवलीतल्याच जुन्या गावठाणातल्या, ख्रिस्ती. पोरीचे वडील जुहूच्या एका हॉटेलात धुलाई खात्यात सुपरवायझर. मुलगी चर्चच्या क्वायरमध्ये वाढली, दहिसरला एका क्लासात रागसंगीत शिकली, परीक्षा दिल्या. तिचं ते बाविसावं वर्ष. वडिलांनी तिला सांगितलं होतं, की या वेळी झालं तर कोल्हापूर, नाही तर मालाडला एका ऑफिसात नोकरी मिळतेय ती घे, मग गाण्याचं नाव नाही. हे तिने प्रवेशअर्ज भरताना मला स्वतःच सांगितलं, कुणाला तरी सांगायचं म्हणून. मी अर्जावरचा शिक्का सरळ बसलाय का ते बघत होतो. मावशीने सरांना यातलं काही सांगितलं नाही. स्पर्धकाच्या नातेवाइकाने मंडळात त्याचा उल्लेख करायचा नाही, हाही सरांचाच नियम होता, आणि बाई साध्या होत्या. नियम म्हटला की पाळायचा.

क्रमांकांची यादी माझ्याकडे असे. मी ती हाताने लिहायचो, पाकिटात घालून लाख लावायचो आणि शर्टाच्या खिशात ठेवायचो. मी स्पर्धाभर परीक्षकांच्या बाजूला एका खुर्चीत बसे, गुणपत्रिका देण्या-घेण्यासाठी. मी परीक्षकांशी बोलायचं नाही, हा सातवा नियम. पाणी हवं का, हेही खुणेनेच.

त्या वर्षी स्पर्धा एप्रिलमधल्या रविवारी होती. आवाज नको म्हणून पंखे बंद. चौथ्या क्रमांकाला डेंटिस्टची मुलगी होती. तिने भीमपलास गायला. फार नेटका, स्वच्छ गायली, आणि निषादावरून सरळ खाली आली, कुठे न थबकता. सरांनी गुण लिहिले. ओळखीचा रकाना कोरा. मी जरासा सावरून बसलो. नऊ वर्षं रोज समोर बसणारी मुलगी त्यांनी ओळखली नव्हती.

दुपारी अकरावा क्रमांक आला. पुन्हा भीमपलासच. मुलीचा आवाज जाड होता, तळाशी थोडा खरखरीत. ती वर गेली, निषादावर पोचली, आणि थबकली. अगदी तस्सं. पायाने पायरी चाचपावी तसं. सरांचं पेनही थांबलं. त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मी कधी न पाहिलेलं, एक समाधान आलं. उरलेली दहा मिनिटं ते तसेच बसून होते. मग डोळे उघडून त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात 'ओळख' या रकान्यात लिहिलं: होय, वजा दोन. कागद माझ्याकडे दिला.

मी तो वाचला. त्या हॉलमध्ये त्या क्षणी फक्त मला ठाऊक होतं की ते चुकलेत. ते सकाळपासून आपल्या शिष्येची वाट बघत होते आणि ती आता आली असं त्यांना वाटलं होतं. मला काही फार करायचं नव्हतं. "सर, पुन्हा बघा," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. किंवा मान हलवली असती. सातवा नियम होता, हे खरं आहे. पण मी सातव्या नियमासाठी गप्प बसलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी अठरा वर्षं या माणसाचं वजन-काट्याचं तत्त्वज्ञान ऐकलं होतं आणि मला एकदा तरी त्यांना चुकताना बघायचं होतं. ती मुलगी त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतीच. मी कागद उलटा करून ढिगावर ठेवला आणि बाराव्या क्रमांकाला हाताने खूण केली.

बेरीज झाली. चार नंबर पहिला, अकरा नंबर दुसरा, एका गुणाने. तिघांनी सह्या केल्या. सही झाल्यावर निकाल बदलत नाही, हा पहिला नियम. यादीचं पाकीट त्यानंतरच फोडायचं. मी फोडलं आणि आतल्या छोट्या खोलीत सरांना नावं वाचून दाखवली.

चार नंबरचं नाव ऐकून सर म्हणाले, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"मग अकरा कोण?"

ते नाव त्यांनी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी यादी माझ्या हातातून घेतली, खिडकीपाशी नेली, चष्मा वर करून वाचली. मग विचारलं की ही कुणाकडे शिकते. मी सांगितलं, दहिसरला. आणि मावशीचं नाव सांगितलं. मावशी आपल्या ग्रुपवर आहे म्हटल्यावर त्यांना समजलं. खुर्ची जवळ होती, पण ते बसले नाहीत.

तेवढ्यात त्यांची शिष्या आत आली, पाया पडली. बाहेर तिला निकालाची कुणकुण लागली असावी. सरांनी तिला एकच विचारलं, की तू निषादावर थांबली का नाहीस. ती खाली बघून म्हणाली, "मुद्दाम, सर. वर्षभर बसून काढून टाकलं ते. थांबले की तुम्ही ओळखता." नऊ वर्षांत शिकलेली सगळ्यात अवघड गोष्ट तिने एका वर्षात विसरून दाखवली होती. सर म्हणाले, "बरं केलंस." ती गेली.

मग अध्यक्ष आले. प्रमुख पाहुण्यांना पुढे मुलुंडला दुसरा कार्यक्रम होता आणि शालींची पिशवी सापडत नव्हती. आमचे चेहरे बघून त्यांनी विचारलं, काय झालं. सरांनी सांगितलं, जसं घडलं तसं, एक शब्द न गाळता. अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. त्यांना फक्त वेळेत संपवायचं होतं. ते म्हणाले, "अहो, मग करा की सर दुरुस्त. दोन आकडे इकडचे तिकडे. दार लावलेलं आहे, कोण बघतंय?"

मला वाटतं, ते असं म्हणाले नसते तर कदाचित सरांनी दुरुस्त केलंही असतं. त्यांचा हात टेबलावरच्या कागदाकडे गेलेला मी पाहिला होता. 'कोण बघतंय' ऐकल्यावर तो हात मागे आला. मालाडच्या बाजारात तीस वर्षं त्यांनी हेच वाक्य ऐकलं असणार.

"सही झाली आहे," सर म्हणाले.

बाहेर निकाल जाहीर झाला. टाळ्या वाजल्या. त्या दिवशी सर बाहेर गेले नाहीत, टाळ्या थांबेपर्यंत भिंतीला टेकून उभे राहिले. दुसरं बक्षीस घ्यायला गावठाणातली मुलगी वर आली, पाहुण्यांकडून एक रोपाची कुंडी घेतली आणि खाली उतरताना ती मावशीच्या हातात दिली, जड वस्तू देतात तशी.

मी पुढच्या आठवड्यात सरांना सुचवलं की पुढच्या वर्षी कोल्हापूरला तिच्यासाठी थेट पत्र लिहा. बावीसची अट तुमचीच आहे, त्या बाईंची नाही. ते म्हणाले, "म्हणजे मी पडद्याबाहेरून माणूस निवडू?" मग ते म्हणाले, "तिच्या घरी जायचंय. पत्ता तुझ्याकडे असेल."

रविवारी सकाळी, त्यांची चर्चची वेळ संपल्यावर, आम्ही गेलो. गावठाणात रिक्षा आत जात नाही, क्रूसापाशी सोडते. घर बैठं, पुढे ओटा, ओट्यावर तीच कुंडी. वडिलांनी टीव्ही बंद केला. आईने घरी केलेला केक पुढे ठेवला. मावशी शेजारच्याच घरातून आली आणि दारात उभी राहिली. सरांनी केकला हात लावला नाही. पाण्याची बाटली त्यांनी आणली होती.

"मी तुझे दोन गुण कापले," ते मुलीला म्हणाले. "ते कापायला नको होते. ते धरले तर पहिली तू आहेस."

मग वडील म्हणाले, "म्हणजे आता कोल्हापूरला ही जाणार?"

"नाही. निकालावर सही झाली आहे."

"सही कोणाची?"

"माझी."

वडील त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. चुकीच्या घरी पार्सल घेऊन आलेल्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मग सांगायला कशाला आलात, सर?"

सरांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी न पिताच पुन्हा लावलं. मी अठरा वर्षांत त्यांना एखाद्या प्रश्नासमोर असं पाहिलं नव्हतं. मावशी दारातून म्हणाली की मी सांगितलं असतं सर, पण नात्यातलं कोण असेल तर तोंड उघडायचं नाही असं तुम्हीच म्हणाला होतात ना. त्यावर सरांनी नुसती मान डोलावली.

मुलीने विचारलं, "कुठे ओळखलंत?"

"निषादावर थांबलीस."

"ते तुमचंच आहे. मावशी सकाळी भाकऱ्या करताना तुमचं लावते ना फोनवर, तिथनं उचललं. शाळेत होते तेव्हापासून. चुकीचं होतं का?"

"नाही. बरोबर होतं. इतकं बरोबर मला कुणाला शिकवता आलं नाही."

"मग मार्क कशाचे गेले?"

"त्याचेच," सर म्हणाले.

तिला ते कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. तिने केकची बशी आमच्या बाजूला थोडी सरकवली. सर म्हणाले की माझ्याकडे ये, रोज ये, मी शिकवतो. तिने वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "सोमवारपासून मालाडला जॉइन होतेय, सर. शिफ्ट आहे. बघते." आमच्या उपनगरांत 'बघते' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. सरांनाही कळलं.

ती गेली नाही त्यांच्याकडे. मालाडला दोन वर्षांत तिची बढती झाली, असं मावशी सांगते. गाते का, असं मी एकदा विचारलं, तर मावशी म्हणाली की घरात गुणगुणतसुद्धा नाही. आम्ही पण विषय काढत नाही, असंही म्हणाली. मी फार खोलात गेलो नाही. सरांनी व्हॉइस नोट पाठवणं थांबवलं. कुणीतरी ग्रुपवर विचारलं, सर बरे आहात ना, तर त्यांनी उत्तर दिलं, "हो." सकाळच्या त्या जागी आता सुविचार येतात. पुढच्या दोन स्पर्धांना सर पडद्याच्या अलीकडे बसले नाहीत, पण ओळखीचा रकाना त्यांनी काढू दिला नाही. आमचं वृंदगान हळूहळू बिघडलं. बिघडलंय हे सांगणारा माणूस काही सांगत नसल्यामुळे आम्हाला ते उशिरा कळलं. गेल्या वर्षी सर आजारी पडले आणि तीन आठवड्यांत गेले. शोकसभेत डेंटिस्टच्या मुलीने भजन गायलं. फार चांगलं गायली. सरळ गायली.

त्या रविवारी गावठाणातून परतताना आम्ही क्रूसापर्यंत चालत आलो. रिक्षा नव्हती. ऊन चढलं होतं, सरांनी रुमाल डोक्यावर घेतला होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अकरा नंबर कोण, ते तुला माहीत होतं."

"हो."

"मी रकान्यात काय लिहिलं, ते तू वाचलंस."

"हो."

"आणि बोलला नाहीस."

"सातवा नियम होता," मी म्हटलं. उरलेलं तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. नाही सांगितलं.

सरांनी मान हलवली. त्यांनी थोडा विचार केला, काटा तपासताना करत असतील तसा, आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून माझ्या जागी तू बस. कान नाही तुला. पण परीक्षकाला लागतं ते बाकी सगळं आहे."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा असता तर मी तो सहज पचवला असता. आयुष्यभर मी दुसरं काय केलं? पण सरांना टोमणा मारता येत नसे. ते मनापासून माझी शिफारस करत होते.